तामोरेबाईंचं ‘परत एकदा’

आमच्या कारखान्यात टेस्टिंगच्या जाळीजवळ उभं राहायचं तर दोन्ही हात वर करावे लागत. हा नियम कुठं लिहिलेला नव्हता. तो हेमलता तामोरेंचा होता. टेबलावर पंपाची मोटर, तिच्या वायरी मशीनला जोडलेल्या, बाईंचं बोट बटणाच्या वर आणि नजर आमच्या हातांवर. सगळ्यांचे हात दिसले की मगच बटण दाबलं जायचं. एकदा मालक एका मोठ्या गिऱ्हाइकाला कारखाना दाखवत तिथं आले आणि बोलता बोलता जाळीला टेकले. बाई म्हणाल्या, “साहेब, हात.” मालकांना वाटलं काहीतरी घ्यायचंय, त्यांनी हात पुढं केला. “वर,” बाई म्हणाल्या. मालकांनी आणि त्या सुटाबुटातल्या गिऱ्हाइकानं, दोघांनी निमूट हात वर केले. ऑर्डर मिळाली. पुढं कितीतरी दिवस मालक ही गोष्ट येईल त्याला सांगायचे. मला सेल्समन ठेवायची गरजच नाही, म्हणायचे, तामोरेबाई पुरेत.

बोईसरच्या एमआयडीसीत शेतीचे पंप बनवणारा हा कारखाना. मी मूळचा साताऱ्याकडचा, या कारखान्यात डिस्पॅच, म्हणजे माल पाठवायचं काम बघायचो. बाई किनाऱ्यावरच्या नवापूरच्या, मासेमारी करणाऱ्या मांगेल्यांच्या घरातल्या. पालघरला इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा करून आमच्याकडं लागल्या आणि मी आलो तेव्हा टेस्टिंगच्या प्रमुख होत्या. उंच, हाडापेरानं मजबूत, केस घट्ट बांधलेले. बोलणं मोजकं. कारखान्यात प्रमाण मराठी बोलत, पण घाईत किंवा रागात असल्या की गावची बोली यायची, ‘नाही’चं ‘नाय’ व्हायचं, आणि मग टेबलावरचे लोक जरा सावध व्हायचे. नवरा गोव्याकडं ट्रॉलरवर गेला तो तिकडंच रमला, एवढंच सगळ्यांना माहीत होतं. त्याबद्दल त्यांना कुणी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

त्यांच्या टेबलावर जे चालायचं ते थोडक्यात सांगतो, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावरच आहे. मोटरीच्या आत तांब्याच्या तारेचं वायंडिंग असतं, बाहेर लोखंडाची बॉडी असते. वीज तारेत राहायला हवी, बॉडीत उतरता कामा नये. म्हणून मध्ये इन्सुलेशन असतं. तारेवरचा लेप, खाचेत घातलेला कागद, वरून पाजलेलं व्हार्निश. ते पक्कं आहे का हे बघायला मोटर बंद ठेवून, ती ज्या व्होल्टेजवर चालते त्याच्या कितीतरी पट व्होल्टेज तार आणि बॉडी यांच्यामध्ये मिनिटभर लावतात. कच्चं असेल तर तिथंच फुटतं, तड्‌दिशी आवाज येतो, लाल दिवा लागतो. सोसलं तर हिरवा दिवा.

खरं तर तयार झालेल्या मोटरीला ही टेस्ट एकदा लावली की काम झालं. बाईंचं तसं नव्हतं. वायंडिंग झालं की लावायची, व्हार्निश सुकलं की लावायची, जोडणी झाली की, रंग झाला की. माल गोदामात पडून राहिला तर गाडीत चढवायच्या आधी पुन्हा. दर वेळी पूर्ण व्होल्टेज. मिनिट संपून हिरवा दिवा लागला तरी त्या मोटरीकडं बघत राहायच्या आणि म्हणायच्या, “परत एकदा.” टेबलावरचा ऑपरेटर रामजतन बिहारचा. तो बापडा सांगायचा, मॅडम, पास है. बाई म्हणायच्या, हां, पास है, फिर से लगाओ.

हे ‘परत एकदा’ त्यांच्या अंगातच होतं. घरून निघताना गॅसचा कॉक बघून दाराला कुलूप लावायच्या आणि मग कुलूप काढून कॉक बघायला पुन्हा आत जायच्या. नवापूरच्या रिक्षावाल्यांना ते ठाऊक होतं, ते आधीच बीडी पेटवून बसायचे. माझ्या मुलीच्या बारशाला त्या आमच्या खोलीवर आल्या होत्या. येताना सुक्या बोंबलांची पिशवी घेऊन आल्या, ती पाहून माझ्या सासूबाई जरा बावरल्या. बायको स्वयंपाकघरात अनवाणी पायांनी मिक्सर लावत होती. बाईंनी तो बंद करायला लावला, पर्समधून टेस्टर काढून मिक्सरला टेकवून पाहिला, मग प्लग फिरवून पुन्हा टेकवला, आणि पाटावर उभी राहून लाव असं तिला सांगून बाळाला मांडीवर घ्यायला बाहेर आल्या. कारखान्यात त्यांना मागून ‘परतएकदाबाई’ म्हणत. त्यांच्या कानावर ते आलं असणारच. पण आमच्या पंपांवर दुकानदारांचा विश्वास होता तो याच बाईमुळं, हेही सगळ्यांना कळत होतं.

हे सगळं कुठून आलं ते मला एकदा नवापूरला त्यांच्या घरी गेलो तेव्हा कळलं. त्यांना ताप होता आणि टेस्टिंगच्या कपाटाची किल्ली त्यांच्याकडं राहिली होती. ओट्यावर त्यांचा धाकटा भाऊ जयवंत जाळं दुरुस्त करत बसला होता. जाळं पायाच्या बोटांत धरलेलं आणि सुई डाव्या हातात. उजवा हात मांडीवर नुसता ठेवलेला, कोपरापासून वाळलेला. मी बघतोय हे लक्षात आलं तेव्हा त्यानं आपणहून सांगितलं. तो बर्फाच्या कारखान्यात कामाला होता. मोटर दुरुस्तीहून आली, कुणी न बघता बसवली, खाली सगळं ओलं. त्यानं हात लावला आणि तिनं धरून ठेवला.

“हेमा तेवा कॉलेजात होती,” तो म्हणाला. “त्या दिवसापासून तिचं हे चालू हाय.”

आतून बाईंचा आवाज आला, किल्ली दे त्यांना आणि चहा विचार. विषय तिथंच थांबला.

एका वर्षी एका मोठ्या गिऱ्हाइकानं बनवून घेतलेला सगळा लॉट घ्यायला नकार दिला. पंप गोदामात पडले ते अख्खा पावसाळा. आमच्याकडं पावसाळ्यात हवा अशी असते की कपाटातल्या कपड्यांना बुरशी येते. बाई अधूनमधून ते पंप काढून लावून बघायच्या. मग दुसरं गिऱ्हाईक आलं, त्याच्या इन्स्पेक्टरला टेस्ट डोळ्यांसमोर हवी होती. तो यायच्या आधी फजिती नको म्हणून बाईंनी एकदा लावली, त्याच्यासमोर लावली, तो गेल्यावर खात्रीसाठी पुन्हा लावली. त्यानं माल घेतला नाही. तिसरा आला, त्याचंही तसंच. शेवटी मालकांनी तो लॉट विक्रमगड, जव्हारकडच्या लहान दुकानांना सोडला. गाड्या मीच भरल्या. सगळे पंप पास होते.

त्याच सुमाराला जोगळेकर नावाचे गृहस्थ आले. आम्हाला व्हार्निश पुरवणाऱ्या कंपनीत ते इंजिनिअर होते. शांत माणूस, चहात साखर नको म्हणणारा. काम झाल्यावर ते जाळीपाशी थांबले, हात वर केले आणि बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी विचारलं, ही मोटर याआधी किती वेळा लावली आहे? बाईंनी जरा अभिमानानंच सगळं सांगितलं, वायंडिंगपासून रंगापर्यंत. जोगळेकरांनी हात खाली घेतले. मग म्हणाले, पूर्ण व्होल्टेज एकदाच लावायचं असतं बाई. पुन्हा लावायची वेळ आलीच तर कमी करून लावायचं. व्हार्निशात कुठंतरी हवेचा बुडबुडा राहतोच. एवढं व्होल्टेज लावलं की त्या बुडबुड्यात बारीक ठिणग्या उडतात. त्या दिसत नाहीत, पण आजूबाजूचं खातात. मोटर पास होते, पण पास होता होता झिजते.

“झिजली तर टेस्टला पडेल ना?” बाई म्हणाल्या.

“पडेल कधीतरी,” जोगळेकर म्हणाले. “ती तुमच्या टेबलावरच पडेल, असं कशावरून?”

ते गेल्यावर बाई बराच वेळ स्टुलावर बसून होत्या. मग उठून त्यांनी पुढची मोटर लावली. हिरवा दिवा लागला. रामजतन सवयीनं थांबला, आता फिर से म्हणतील म्हणून. बाईंनी हातानंच, घेऊन जा, अशी खूण केली. त्यानंतर काही दिवस त्या कुणाशी धड बोलल्या नाहीत. जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर, जुन्या पुस्तकांत काहीबाही वाचत बसायच्या. मला म्हणाल्या, त्यांचं बरोबर असेल तर आपण इतकी वर्षं काय केलं, शिंदेभाऊ? मी म्हणालो, एवढे पंप गेले, कुठं काय तक्रार आली? त्यांनी पुस्तक पुन्हा उघडलं.

तक्रार आली ती विक्रमगडकडच्या एका पाड्यावरून. सुनंदा नावाची बाई मोगऱ्याला पाणी लावत होती. पंपाचा पाइप सरळ करायला तिनं ओला हात लावला आणि फेकली गेली. फेकली गेली म्हणून वाचली. हात भाजला, दोन दिवस शुद्ध नव्हती. पंप आमचा होता, त्या पडून राहिलेल्या लॉटमधला.

सर्व्हिसचा माणूस जाऊन पंप घेऊन आला. वायंडिंग बॉडीला लागलं होतं, मधलं इन्सुलेशन फुटलं होतं. पण त्यानं फोटोही आणले होते, त्यात दिसत होतं की अर्थिंगची वायर कापून गुंडाळून ठेवलेली आहे. अर्थिंग असतं तर शॉक इतका लागला नसता. आमच्या कंपनीनं तसं लेखी कळवलं. ते खोटं नव्हतं. कारखान्यात सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला, मीसुद्धा. बाईंनी तो पंप आपल्या टेबलावर मागून घेतला आणि स्वतः उघडला. खाचेतला कागद बाहेर काढून उजेडात धरला. टाचणीच्या टोकाएवढं काळं भोक होतं. त्यांनी मला जवळ बोलावून ते दाखवलं. 

त्या लॉटमधले थोडे पंप अजून गोदामात होते. बाईंनी ते आणि नव्यानं बनलेले तितकेच घेतले, आणि जेवणाच्या सुट्टीत दोन्हींना पुन्हा पुन्हा पूर्ण व्होल्टेज लावायला सुरुवात केली, फुटेपर्यंत. आम्ही डबे घेऊन लांबून बघायचो. तड्‌दिशी आवाज झाला की बाईंचा खांदा उडायचा. जुन्यातले बहुतेक लवकर फुटले. नव्यातले बहुतेक टिकले. पण जुन्यातला एक काही केल्या फुटेना, आणि नव्यातला एक पहिल्याच दुपारी गेला. शेवटी बाईंनी मशीन बंद केलं.

“माझ्यामुळंच झालं असं म्हणता येत नाय,” त्या म्हणाल्या. “नाय झालं, असंपण म्हणता येत नाय.”

मालकांशी त्यांचं बोलणं झालं तेव्हा मी गाडीच्या कागदांवर सही घ्यायला आत उभा होतो. बाईंचं म्हणणं होतं, तो लॉट परत मागवा. मालक वाईट माणूस नव्हता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, जोगळेकरांना फोन लावून खात्री करून घेतली, आणि यापुढं टेस्ट एकदाच पूर्ण आणि नंतर लागलीच तर कमी व्होल्टेजनं, हे लगेच मान्य केलं. पण माल परत मागवायला तयार होईनात. “पास झालेला माल परत मागवायचा, तर कारण काय सांगू बाई? आम्ही फार तपासला म्हणून?”

“हो,” बाई म्हणाल्या. “तेच सांगा.”

मालक हसले नाहीत. टेबलावरचा पेपरवेट फिरवत राहिले. मग म्हणाले, लोक यातून एवढंच ऐकतील की पंप खराब आहेत. कारखाना बंद पडला तर इथल्या सगळ्यांचं काय? तुम्ही सांगा.  बाई मान हलवून बाहेर आल्या. दुसऱ्या दिवशी मला म्हणाल्या, ते पंप कुठल्या कुठल्या दुकानांत गेले तेवढं सांगा, बाकीचं मी बघते.

तेव्हापासून बाई रविवारी एकट्याच निघायला लागल्या. एसटीनं, शेअर जीपनं, शेवटी पायी. दुकानदाराकडून गाव विचारायचं, गावात घर विचारायचं. सोबत एक मेगर, म्हणजे हातानं फिरवायचं छोटं मशीन. ते इन्सुलेशनला इजा न करता कमी व्होल्टेजवर त्याची स्थिती दाखवतं. काही वेळा मी त्यांना मोटरसायकलवर नेलं. लोकांना आधी वाटायचं बाई वीज मंडळाकडून आल्या, आता चोरून टाकलेले आकडे काढणार. बायका दारं ओढून घ्यायच्या. मग समजूत पटली की पंप दाखवायचे. जो कमजोर वाटेल तो बाई तिथंच बंद करायला लावायच्या. अर्थिंग नसेल तर जमिनीत सळई ठोकून वायर लावून द्यायच्या. कमजोर निघालेले पंप मालक गुपचूप बदलून द्यायचे. त्यांनी कधी नाही म्हटलं नाही, हेही सांगायला हवं. फक्त कुणाला बोलू नका, म्हणायचे.

सुनंदाच्या घरी आम्ही बरोबर गेलो. कुडाचं घर, अंगणात ती खाटेवर बसली होती. हात पांढऱ्या पट्टीत. नवरा मोगऱ्याच्या कळ्या टोपलीत ओतत होता. बाईंनी बसायला दिलेलं बाजूला सारलं आणि खाली जमिनीवर बसल्या.

“तो पंप मी पास केला होता,” त्या म्हणाल्या.

सुनंदानं त्यांच्याकडं नीट पाहिलं. “मंग मला झटका कसा दिला त्यानं?”

“मी जास्त तपासला. इतका तपासायला नको होता.”

सुनंदाला ते कळलं नाही. तिनं नवऱ्याकडं पाहिलं, तोही गोंधळून नुसता हसला. मग ती बाईंनाच धीर दिल्यासारखं म्हणाली, “तपासला तं चांगलाच केला ना तू.” आणि मुलीला पाणी आणायला सांगितलं.

बाईंनी समजावून सांगायचा प्रयत्न केला. व्हार्निश, बुडबुडा, ठिणग्या. ती दोघं ऐकत होती, मान डोलवत होती, पण कुणी जास्त तपासल्यानं काही बिघडतं हे त्यांच्या मनाला शिवतच नव्हतं. निघताना सुनंदानं मोगऱ्याच्या कळ्यांचा पुडा बाईंच्या हातात दिला. परतीच्या रस्त्यावर बाई माझ्यामागं बसल्या होत्या.  मनोरला चहाला थांबलो तेव्हा म्हणाल्या, तिनं शिवी दिली असती तर बरं झालं असतं. चहा तसाच निवला.

त्यानंतर बाई बदलल्या. ‘परत एकदा’ कारखान्यात पुन्हा कुणी ऐकलं नाही. आता एका टेस्टवर भागायचं, पण ती एक टेस्टही त्यांना जड जायला लागली. बोट बटणावर ठेवायच्या आणि तसंच राहायचं. रामजतन वाट बघायचा आणि मग हळूच स्वतः दाबायचा. हिरवा दिवा लागला तरी त्यांच्या चेहऱ्यावर काही उमटायचं नाही. जयवंत एकदा बोईसरच्या बाजारात भेटला. म्हणाला, घरीपण तसंच हाय, कुलूप लावून ओट्यावर उभी राहते, आत जात नाय आणि निघतपण नाय. मी तिला सांगतो, माझा हात गेला तो कुणी बघितलंच नाय म्हणून गेला, तू बघितलंस. पण ती ऐकते कुठं.

काही महिन्यांनी त्यांनी काम सोडलं. मालकांनी थांबवायचा खूप प्रयत्न केला, दुसरा विभाग देऊ केला. बाई म्हणाल्या, साहेब, माझं तुमच्याशी भांडण नाय. नंतर त्या गावातल्या घरांची वायरिंगची, अर्थिंगची कामं घ्यायला लागल्या. सातपाटीपर्यंत बोलावणी यायची. उरलेल्या वेळात त्या लॉटचे राहिलेले पंप शोधणं चालूच होतं. मीही पुढं वाड्याकडच्या एका कारखान्यात गेलो. अधूनमधून फोन होतो. पण त्यांना प्रत्यक्ष पाहिलं ते मी बोईसर सोडण्याच्या थोडं आधी, शेवटचं.

जव्हारच्या अलीकडं डोंगराच्या कुशीत एका म्हाताऱ्याकडं एक पंप असल्याचं कळलं होतं. मी त्यांना मोटरसायकलवर घेऊन गेलो. ओढ्यावर पंप चालू होता, पाणी मिरचीत सुटलं होतं. बाईंनी पंपाजवळचा ओलावा बघितला, वायर बघितली आणि म्हाताऱ्याला पंप बंद करायला सांगितलं. म्हातारा हात जोडून म्हणाला, “पानी होऊ दे बाई. लाइट आज आली, आता कधी येल माहीत नाय. मिरची मरल माझी.”

मिरची खरंच माना टाकून होती. बाईंनी तिच्याकडं पाहिलं, पंपाकडं पाहिलं. वाटलं होतं रागावतील. त्या म्हणाल्या, “बरं. मग एक मिनिट बंद करा, अर्थिंग तेवढं करून देते.” पंप थांबवून त्यांनी पिशवीतली सळई ओढ्याच्या काठाशी ठोकली, वायर जोडली, दोनदा ओढून बघितली आणि चालू करायला सांगितलं. मला म्हणाल्या, हा कमजोरच धरून चालू, तुम्ही दुकानात जाऊन बदलीचा पंप घेऊन या, मी थांबते.

मोटरसायकल चढावर नेऊन मी वळून बघितलं. ओढ्यातून वर येणारी पायवाट पंपाला अगदी लागून जात होती, आणि घरातल्या दोघी सासू-सुना त्याच वाटेनं पाण्याचे हंडे नेत होत्या. बाई त्या वाटेत, पंपाला पाठ करून, आडव्या बसल्या होत्या. सून जवळ आली की हात लांब करून तिला शेताच्या बाजूनं वळसा घालायला लावायच्या. मग सासू आली, तिलाही. ऊन डोक्यावर होतं, सावली कुठंच नव्हती. पाणी अजून अर्ध्या मिरचीतही पोचलं नव्हतं.